पानी, पाणी आणि ईर

माझी पहिली कथा पुण्याच्या एका मासिकानं परत पाठवली, त्याला तीस वर्षं होत आली. सोबत एक पोस्टकार्ड होतं. कथा आवडली, संवाद वऱ्हाडीत आहेत ते चालतील, पण निवेदनही त्याच बोलीत आहे. तेवढं शुद्ध करून पुन्हा पाठवा. लिहिणाऱ्याचा सूर तुटक नव्हता, उलट आपुलकीचाच होता. मी ते कार्ड मायला वाचून दाखवलं. ती निंदणाहून आली होती, ओसरीत बसून पायातला काटा काढत होती. हातातली सुई थांबवून म्हणाली, "म्हंजे मानसं आपल्यावानी बोलले तं चालते, पन सांगनारीनं आपल्यावानी नाई सांगाव?"

मी काही बोलले नाही. निवेदन बदललं, कथा छापून आली, गावात कौतुक झालं. मायचा प्रश्न मात्र मनात राहून गेला. साहित्यातल्या आणि समाजातल्या बाहेरच्यांविषयी लिहायला बसले की मला सुरुवात तिथूनच करावी लागते. कथेत तुमचं माणूस असतं, त्याचं घर असतं, त्याची भूक असते. सांगण्याचा अधिकार तेवढा दुसऱ्याकडे असतो. बाहेरचं असणं याहून नेमक्या शब्दांत मला कुणी समजावलेलं नाही.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. गोड्या पाण्यासाठी आमच्या बायांनी आयुष्यातला किती वेळ चालण्यात घालवला, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. त्या पाण्याला आम्ही 'पानी' म्हणायचो. चौथीत गुरुजींनी पाटीवर 'पानी' खोडून वीस वेळा 'पाणी' लिहायला लावलं. हात दुखला, पण ते मी विसरले. घरी जाऊन मायला 'पानी नको म्हणू' असं सांगितलं, ते विसरता येत नाही. शाळेनं मला नुसता एक शब्द शिकवला नव्हता. आपल्या आईकडं वरून बघायला शिकवलं होतं.

वऱ्हाडी बोलीला मराठी साहित्याच्या वाड्यात दोन दारांनी आत घेतात. एक हसण्याचं, दुसरं रडण्याचं. मालिकेत, सिनेमात 'मले', 'तुले', 'काहून' म्हणणारं माणूस आलं की प्रेक्षक आधीच हसायच्या तयारीत असतो. कविसंमेलनात वऱ्हाडी कवी शेवटी ठेवतात, कारण लोक पेंगुळलेले असतात. मी स्वतः त्या कवितांना पोट धरून हसले आहे आणि पुन्हा हसेन. आमच्या माणसाची विनोदबुद्धी ही त्याची कमाई आहे. दुसरं दार रडण्याचं. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या काळात आमच्या भागात कॅमेरे एवढे आले की पोरं गाड्या मोजायची. मेलेल्या शेतकऱ्याच्या बायकोसमोर माईक धरला जायचा आणि तिच्याकडून दुःख मागितलं जायचं. बीटी बियाण्याबद्दल, सोसायटीच्या कर्जाबद्दल, कापसाच्या भावाबद्दल तिचं मत काय, हे विचारलेलं मी पाहिलं नाही. मत तिच्याकडं होतं. बारा-पंधरा वर्षं तीच तर सरकी टोबत, म्हणजे पेरत होती.

म्हणजे या बोलीत हसता येतं, रडता येतं. विचार मात्र करायचा असेल तर कपडे बदलून या, असा न बोललेला नियम आहे. हा नियम खोटा आहे, आणि तो खोटा असल्याचे पुरावे आमच्या मातीतच आहेत.

गाडगेबाबांचं घ्या. अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचा परिटाचा पोर, शाळेचं तोंड न पाहिलेला. त्यांच्या कीर्तनात उपदेश कमी आणि प्रश्न जास्त असत. देव कुठं आहे, कर्ज काढून तेरवी कशाला, बकरं कापून कोणाचं भलं झालं, असं समोरच्याला विचारायचं, त्याच्याकडून उत्तर काढून घ्यायचं आणि त्या उत्तराच्या पोटातून पुढचा प्रश्न काढायचा. या पद्धतीला विद्यापीठात फार मोठी नावं आहेत. १९५६ साली, मृत्यूच्या काही आठवडे आधी मुंबईत वांद्र्याला केलेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. ऐकून पाहा. मुंबईत उभं राहून बाबा मुंबईची भाषा बोलत नाहीत, आणि समोरचे लोक एकेका प्रश्नाला उत्तर देतात. कुणाला अर्थ विचारावा लागत नाही. अमरावतीच्या विद्यापीठाला आज त्यांचं नाव आहे. त्याच विद्यापीठात एखाद्या मुलीनं परीक्षेच्या पेपरात बाबांच्या भाषेत उत्तर लिहिलं तर तिचे गुण कापले जातील.

याहून जुना पुरावा रिद्धपूरचा. मोर्शी तालुक्यातलं हे गाव. तेराव्या शतकात तिथं म्हाइंभटानं चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या. स्वामींना ज्यांनी पाहिलं, ऐकलं, त्यांच्याकडं तो गेला आणि ऐकलेलं टिपत राहिला. त्यातून लीळाचरित्र उभं राहिलं, मराठीतला पहिला गद्य ग्रंथ म्हणून आपण ते शिकतो. चक्रधरांमागं त्यांच्या महानुभाव पंथाची धुरा नागदेवाचार्यांवर आली. केशवदेव नावाचा विद्वान शिष्य संस्कृतात लिहू लागला तेव्हा आचार्यांनी त्याला थांबवलं. अशानं माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, म्हणजे ज्ञानाला मुकतील, असं ते म्हणाले.

या म्हाताऱ्यांपाशी मला थोडं थांबायचं आहे. विधवा, घर सोडलेल्या, संस्कृत ज्यांच्या वाट्याला कधी येणारच नव्हतं अशा बायका. तेव्हाच्या कुठल्याही विद्वत्सभेत त्यांना उंबऱ्याबाहेर बसवलं असतं, किंबहुना उंबऱ्यापर्यंत येऊच दिलं नसतं. आचार्यांनी काय केलं? सर्वांत बाहेर बसलेल्या माणसाला भाषेचं माप बनवलं. तिला कळतं का, एवढीच कसोटी. तिला शिकवून आत आणू, असं ते म्हणाले नाहीत. ग्रंथालाच तिच्याकडं जायला लावलं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्ही शाळेत पेढे वाटले. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठही सुरू झालं आहे. मला या दोन्हींचा मनापासून आनंद आहे. तिथल्या प्राध्यापकांना माझी विनंती एकच, की आपल्या अभ्यासक्रमाला त्या म्हाताऱ्यांची कसोटी लावून बघावी.

पण रिद्धपूरची गोष्ट इथं संपत नाही आणि पुढचा भाग आम्हा वैदर्भीयांसाठी जास्त अडचणीचा आहे. ज्या पंथानं म्हाताऱ्यांसाठी ग्रंथ मराठीत आणले, त्याच पंथानं पुढं ते सांकेतिक लिप्यांत बंद केले. सकळ लिपी, सुंदरी लिपी. विरोध होता, टवाळी होती, भीतीही असेल. शेकडो वर्षं हे वाङ्मय पंथाबाहेरच्या मराठी माणसाला वाचता आलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिपी उलगडली तेव्हा कुठं ते सगळ्यांसमोर आलं. बाहेर ढकललेल्या माणसांनी आतून कडी लावून घेतली. मी त्यांना दोष देत नाही. पण विदर्भाची अस्मिता म्हणून आज जे जोरात बोललं जातं, त्यात मला ही कडी वाजलेली ऐकू येते.

आमचं गाऱ्हाणं खरं आहे, ते आधी सांगते. १९५३ चा नागपूर करार, १९५५ मधली फाजल अली आयोगाची वेगळ्या विदर्भाची शिफारस, १९५६ चं द्विभाषिक राज्य, त्यानंतरचा सिंचनाचा अनुशेष, हे सगळं मी वर्गात शिकवलेलं आहे. साहित्यातही आमच्याकडं पाहण्याची नजर पाहुण्याची असते. १९६० साली उद्धव शेळक्यांची 'धग' आली, १९६३ साली 'कोसला'. दोन्ही मोठ्या कादंबऱ्या. मराठीत परकेपणाची, तुटलेपणाची चर्चा निघाली की 'कोसला'तला, पुण्याला शिकायला गेलेला पांडुरंग सांगवीकर लगेच आठवतो. 'धग'मधली आमची कौतिक आठवत नाही. नवऱ्याची हलाखी, पोरांची पोटं आणि गावाची जीभ अंगावर घेऊन झिजणारी ती बाई ग्रामीण साहित्याच्या प्रकरणात जाते आणि पांडुरंग आधुनिक माणसाच्या प्रकरणात. का? त्याला बाहेर पडण्याची निवड होती आणि तिला नव्हती, म्हणून तिचं तुटलेपण कमी आधुनिक ठरतं का? माझ्या मते उलट आहे. ज्याला परत जायला घर आहे त्याचा परकेपणा आणि जिला घरातच जागा नाही तिचा परकेपणा, यांत दुसरा जास्त खोल आहे, आणि आपल्या समीक्षेनं त्याला अजून नीट हात घातलेला नाही.

यवतमाळचं संमेलनही मला विसरता येत नाही. जानेवारी २०१९, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन, ९२ वं. उद्घाटनाला नयनतारा सहगल यायच्या होत्या. इंग्रजीत लिहिणारी लेखिका मराठीच्या मांडवात कशाला, असा विरोध झाला, निमंत्रण मागं घेतलं गेलं, महाराष्ट्रभर गदारोळ उठला. शेवटी उद्घाटन केलं कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. शेतकऱ्याची विधवा म्हणून त्यांना बोलावलं होतं. त्यांना त्या व्यासपीठावर पाहून माझे डोळे भरून आले, ते खोटं नव्हतं. पण नंतर मन खात राहिलं. एका पाहुणीला परत पाठवल्यानं रिकामी झालेली खुर्ची दुसरीला दिली होती. एकीला तिच्या भाषेमुळं दूर केलं, दुसरीला तिच्या दुःखामुळं जवळ केलं. त्याच वर्षी वैशालीताई लोकसभेला उभ्या राहिल्या, म्हणजे त्यांच्याकडं दुःखाशिवायही बरंच काही होतं. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ग्रंथकार सभेला जायला नकार दिला, तेव्हा तुमच्या सभांचा आणि पुस्तकांचा आमच्या सभांशी आणि पुस्तकांशी मेळ बसत नाही, असं रानड्यांना कळवलं होतं. हा मेळ उद्घाटनाच्या दिवशी दिवा लावून बसत नाही. पुरस्कार समितीत कोण आहे, पाठ्यपुस्तकातला धडा कोण निवडतं, परत पाठवायच्या कथेवर पोस्टकार्ड कोण लिहितं, तिथं तो बसतो किंवा तुटतो.

(पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या रंगभूमीनं हा प्रश्नच विचारला नाही, हेही नोंदवायला हवं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावजत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, यांच्या निमित्तानं रात्रभर नाटकं चालतात, वडसा हे त्यांचं केंद्र. मुंबई-पुण्याच्या रंगभूमीकडून प्रमाणपत्र न मागता ती पिढ्यान्‌पिढ्या तिकिटावर जगली. २०२३ मध्ये तिथले कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली.)

आता मला माझ्याविषयी सांगायचं आहे.

लग्न होऊन मी यवतमाळ जिल्ह्यात आले, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. काही वर्षांनी पांढरकवड्याच्या बाजूला बदली झाली. शाळेजवळ कोलाम आदिवासींचा पोड, म्हणजे वस्ती. पहिलीत पोडावरची सात पोरं. उन्हाचे दिवस होते. त्यातला एक माझ्या टेबलाजवळ आला, माठाकडं बोट दाखवून म्हणाला, "ईर." मला कळलं होतं. बोट माठाकडं होतं, ओठ सुकलेले होते, न कळायला काय झालं? तरी मी म्हटलं, "असं नाही. पाणी म्हण. पाणी." तो गप्प. मी पुन्हा म्हटलं, "पा-णी." त्याचं वय सहा वर्षांचं. तो वळला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. सुट्टी झाल्यावर हापशीवर पाणी प्याला. दुसऱ्या दिवशी आला नाही, आठवडाभर आला नाही.

पाटीवर मी वीस वेळा लिहिलेलं 'पाणी' मी त्याच्या अंगावर फेकलं होतं. माझ्या गुरुजींनी मला 'पानी' म्हणू दिलं नाही, निदान पाणी तरी दिलं असतं. आणि मी कोण? पुण्याच्या एका पोस्टकार्डाचा सल वर्षानुवर्षं उराशी धरून बसलेली, बोलीचा अभिमान सांगणारी बाई.

म्हणून म्हणते, विदर्भावर अन्याय झाला या वाक्यातला 'विदर्भ' कोण, ते आधी ठरवू या. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक, कातकरी आणि माडिया गोंड या बाकीच्या दोन. कोलामी आणि गोंडी द्राविडी कुळातल्या, मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली. २०११ च्या जनगणनेत देशात कोरकू बोलणारे सात लाखांवर आहेत. आमच्या वऱ्हाडी-झाडीबोलीच्या अभिमानात या भाषा कुठं बसतात? आम्ही पुण्याला म्हणतो, आमच्या बोलीला हसू नका. पोडावरचं पोरगं बोललं की आम्ही हसतो. तालुक्याच्या बाजारात मी ते हसणं शंभरदा ऐकलं आहे, आणि हसणारे 'मले-तुले' म्हणणारेच होते.

पारध्यांचा बेडा, म्हणजे त्यांची वस्ती, गावाबाहेर असतो. १८७१ च्या कायद्यानं त्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून गेला. गावात कुठं चोरी झाली की पहिली गाडी आजही बेड्याकडं वळते. आणि ती वळवणारी बोटं गावातलीच असतात. अमरावती जिल्ह्यात एका फासेपारधी तरुणानं शिक्षकाची नोकरी सोडून बेड्यावरच्या मुलांसाठी शाळा काढली, तिचं नाव ठेवलं 'प्रश्नचिन्ह'. मराठीत शाळेला याहून खरं नाव मला माहीत नाही.

नागपूरच्या कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट' मी उशिरा वाचलं. महार घरातली मुलगी संस्कृत शिकते, एम.ए. होते. लोक कौतुकही असं करतात की त्यातून चटका बसावा. नोकरी मिळत नाही. मग आंतरजातीय लग्न होतं, सोमकुवरच्या जागी पावडे हे आडनाव येतं आणि नोकरीही येते. तेच ज्ञान, तीच बाई. नागदेवाचार्यांच्या म्हाताऱ्यांना संस्कृत कळत नव्हतं म्हणून त्या बाहेर. कुमुदताईंना संस्कृत येत होतं तरी त्या बाहेर. मग भाषेचं कारण खरं किती आणि सबब किती? मला वाटतं बरेचदा सबबच असते. दाराशी उभा असलेला माणूस आधी चेहरा आणि आडनाव बघतो, मग व्याकरण काढतो.

माझ्या एका सहकारी बाईंचं म्हणणं वेगळं आहे आणि ते मी हलकं मानत नाही. त्या म्हणतात, स्पर्धा परीक्षेचा पेपर कोलामीत येत नाही, वऱ्हाडीतही येत नाही. तुम्ही पोरांना त्यांच्याच भाषेत ठेवाल आणि ती कायमची मागं राहतील. पोडावरच्या आईबापांनाही मराठी हवी, जमलं तर इंग्रजी हवी. खरं आहे. एका बापानं मला हेच सांगितलं होतं: "बाई, आमची भाषा तं घरी येतेच. तुमची शिकवा." प्रमाण मराठी शिकवू नका असं मी म्हणतच नाही. हा लेख मी प्रमाण मराठीत लिहिते आहे, कारण मला कोल्हापूरच्या आणि रत्नागिरीच्या वाचकाशी बोलायचं आहे. माझा वाद क्रमाविषयी आणि किमतीविषयी आहे. मूल स्वतःच्या भाषेतून मराठीत यावं, स्वतःची भाषा दाराबाहेर चपलेसारखी काढून येऊ नये. राज्यघटनेच्या ३५० क कलमात प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करायला १९५६ पासून सांगितलेलं आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा शक्य तिथवर मातृभाषा म्हणतो. या 'शक्य तिथवर'मध्ये आमची पोडं, पाडे आणि ढाणे कधी बसतच नाहीत. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये स्वतःच गोंडीतली शाळा काढली, तेव्हा तिला आधार मिळण्याऐवजी परवानगीचे प्रश्न विचारले गेले.

पहिली-दुसरीच्या वर्गात मुलांची भाषा येणारं गावातलंच एक माणूस मानधनावर नेमायला किती पैसे लागतात? वाचनाच्या पुस्तकात वऱ्हाडीतला, झाडीबोलीतला एखादा उतारा विनोदाशिवाय, नुसता विचार म्हणून घ्यायला काय अडतं? मासिकांनी आणि प्रकाशकांनी संवाद आणि निवेदन यांच्यातली ती रेघ पुसली, तर वाचक पळून जाईल का? मायला ती रेघ ओसरीत बसून दिसली होती. संपादकाला दिसू नये?

तो पोरगा आठवड्यानं शाळेत आला, कारण मी पोडावर गेले. त्याची आजी दारात बांबूची टोपली विणत होती. मराठी तिला जेमतेम. मी वही काढली आणि एकेका वस्तूकडं बोट दाखवत शब्द विचारू लागले. आधी तिला संशय आला, मग मजा वाटायला लागली. चुलीकडं बोट दाखवलं तर म्हणाली, "किस." मी तसं म्हणून बघितलं. तिनं मान हलवली, पुन्हा म्हणाली. मी पुन्हा म्हटलं. नातू तिच्या पाठीमागून डोकावत होता. तिसऱ्यांदाही माझं चुकलं तेव्हा तो पुढं आला, माझ्या तोंडाकडं नीट बघत हळूहळू म्हणाला, आणि मी म्हणेपर्यंत थांबून राहिला.